रक्ताचा प्रवास

अंबरनाथचा इतिहास सांगावयास जो उभा राहतो, तो बहुधा शिवालयापासून आरंभ करतो, आणि ते योग्यच आहे. शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख ज्या गावाच्या देवळावर आहे, त्या गावाने आपल्या दगडांचा अभिमान का बाळगू नये? परंतु आज आम्ही वाचकांपुढे जो इतिहास मांडणार आहोत, त्याला ना शिलालेख आहे ना ताम्रपट. तो आहे माणसाच्या रक्ताचा इतिहास. त्यातही एका बारक्या प्रश्नाचा : रक्ताने रोग्याकडे जावे, की रोग्याने रक्ताकडे यावे?

हा प्रश्न आम्हांला पुस्तकात सापडला नाही. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यातील एका संध्याकाळी कर्जतच्या बाजूने निघालेल्या लोकलच्या दारातून एक तरुण पडला. फलाटावरच्या चौघांनी त्याला स्ट्रेचरवर घातले. त्यांत आम्हीही होतो. मांडीची शीर तुटली होती. कोणीतरी आपल्या पंचाने ती आवळून बांधली. जवळच्या रुग्णालयात सलाईन लागले, एक बाटली संपली, दुसरी लागली. पण रक्त तेथे नव्हते. ‘पुढे न्या’ असे सांगण्यात आले. पुढच्या ठिकाणी रक्त होते, पण तोवर तासाहून अधिक वेळ गेला होता. तो मुलगा वाचला नाही. रुग्णालयाचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण दोष कोणा एकाचा नव्हता. प्रत्येकाने आपापले काम केले. फक्त रक्त एका जागी होते आणि रोगी दुसऱ्या जागी. हे अंतर कसे निर्माण झाले, याचा शोध घेता घेता आम्ही या इतिहासात शिरलो.

आरंभी हे अंतर मुळी नव्हतेच. सतराव्या शतकात, १६६७ साली, पॅरिसच्या झाँ-बातिस्त दनी याने कोकराचे रक्त माणसाच्या शरीरात घातले. एक रोगी दगावला, खटला झाला आणि पुढे फ्रान्समध्ये या प्रयोगांवर बंदी आली. त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षे कोणी या वाटेला गेले नाही. १८१८ साली लंडनच्या जेम्स ब्लंडेल या प्रसूतितज्ज्ञाने माणसाचे रक्त माणसाला देण्याचा उपक्रम सुरू केला. बाळंतपणात अतिरक्तस्रावाने स्त्रिया डोळ्यांदेखत मरत, हे त्याला पाहवत नव्हते. त्याचे काही रोगी वाचले, काही गेले. कोण वाचेल आणि कोण जाईल, हे मात्र त्याला सांगता येत नव्हते.

ते कोडे सुटले व्हिएन्नात. कार्ल लँडस्टायनरने १९०१ साली दाखवून दिले की सर्व माणसांचे रक्त एका जातीचे नसते. आणि ज्याला आपण आज ए, बी व ओ गट म्हणतो, ते जगापुढे आले. आमच्या समाजाने जातींचे कितीतरी भेद मानले. निसर्गाने मानलेला भेद हा एवढाच, आणि तो कुळ पाहत नाही की गोत्र पाहत नाही! लँडस्टायनरला याबद्दल १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण गट कळले तरी रक्त देण्याची रीत जुनीच राहिली. रक्त बाहेर आले की काही मिनिटांत गोठते. म्हणून दाता रोग्याच्या शेजारी झोपवायचा आणि त्याच्या शिरेतून रोग्याच्या शिरेत रक्त न्यायचे. दाता नसेल तर उपचार नाही.

ही गाठ सोडविली एका साध्या क्षाराने. १९१४ साली बेल्जियममध्ये अल्बेर हुस्टिन आणि अर्जेंटिनात लुईस आगोते यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे दाखविले की सोडियम सायट्रेट मिसळले असता रक्त गोठत नाही. दोन वर्षांनी राउस व टर्नर यांनी त्यात साखर घालून ते काही आठवडे टिकविण्याची युक्ती काढली. रक्त आता बाटलीत राहू शकत होते. आणि जे बाटलीत राहते, ते प्रवासही करू शकते.

पहिला प्रवास रणांगणाकडे झाला. १९१७ साली फ्रान्समधील आघाडीवर ऑस्वल्ड रॉबर्टसन नावाचा एक तरुण अमेरिकन डॉक्टर ब्रिटिश सैन्याबरोबर काम करीत होता. जखमी येण्याची वाट पाहत दात्यांना रांगेत उभे करण्याऐवजी त्याने ओ गटाचे रक्त आधीच काढून बाटल्यांत भरले, आणि दारूगोळ्याच्या रिकाम्या पेट्यांत बर्फ व लाकडाचा भुसा घालून त्या बाटल्या आघाडीजवळच्या उपचारकेंद्रांत नेल्या. ऑर्डनन्स कारखान्याच्या आमच्या गावाला दारूगोळ्याची पेटी म्हणजे काय, हे समजावून सांगावयास नको. जी पेटी जखमा करण्याचे सामान घेऊन गेली, तीच परत जाताना जखमा भरण्याचे सामान घेऊन गेली. इतिहासात असे प्रसंग फार थोडे.

यानंतरचा अध्याय स्पेनमध्ये घडला, आणि त्याचा एक धागा थेट आमच्या सोलापुरापर्यंत येतो. १९३६ साली स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले. बार्सिलोनात फ्रेदेरिक दुरान-जोर्दा याने, तर माद्रिदमध्ये नॉर्मन बेथ्यून या कॅनडाच्या शल्यविशारदाने रक्तपुरवठ्याची फिरती व्यवस्था उभारली. बेथ्यूनचे म्हणणे सरळ होते : जखमी माणूस रुग्णालयापर्यंत पोहोचण्याआधीच रक्तस्रावाने मरत असेल, तर रुग्णालयाने त्याच्याकडे गेले पाहिजे. शहरातल्या सामान्य नागरिकांनी रक्त द्यायचे, ते थंड ठेवायचे आणि मोटारीने आघाडीजवळच्या रुग्णालयांना पोहोचवायचे, असा त्याचा क्रम होता. रक्तपेढीचे बिऱ्हाड चाकांवर चढले, ते असे.

१९३८ साली बेथ्यून चीनमध्ये गेला. त्याच वर्षी चीनचे सेनानी चू तेह यांच्या विनंतीवरून भारतीय राष्ट्रीय सभेने पाच डॉक्टरांचे एक पथक चीनला पाठविले : डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. कोटणीसांचा जन्म १९१० चा. शिक्षण मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात. मुंबईच्या बंदरातून हे पथक निघाले तेव्हा त्यांचे वय अठ्ठावीसही पुरे झाले नव्हते.

उत्तर चीनच्या डोंगराळ मुलुखात बेथ्यूनने पुन्हा तोच प्रयोग केला होता, पण या वेळी मोटारी नव्हत्या, बर्फाच्या पेट्या नव्हत्या. रक्त देण्याची गावकऱ्यांना भीती वाटे. तेव्हा त्याने आधी स्वतःचे रक्त दिले आणि मग लोकांना हाक घातली. गावोगाव स्वेच्छेने रक्त देणाऱ्यांचे जथे तयार झाले. म्हणजे जेथे रक्त नेता येत नाही, तेथे दाताच वाटेवर उभा करावयाचा! शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन १२ नोव्हेंबर १९३९ रोजी बेथ्यून वारला. कोटणीसांची व त्याची भेट झालीच नाही. पण त्याच्या नावाने उभ्या राहिलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुखपद १९४१ साली या सोलापूरच्या तरुणाकडे आले. तेथेच ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी कोटणीसांनी देह ठेवला. शांताराम बापूंच्या १९४६ सालच्या चित्रपटामुळे त्यांचे नाव घरोघर पोहोचले. तथापि त्यांनी पत्करलेला वारसा मुळात ‘डॉक्टराने जखमीकडे जावे’ या एका वाक्याचा होता, ही गोष्ट फारशी कोणी ध्यानात घेतलेली दिसत नाही.

दुसऱ्या महायुद्धात या वाक्याला सैन्यांनी मान्यता दिली. रक्तातील पेशी काढून टाकल्यावर जो पिवळसर द्रव उरतो, तो रक्तद्रव सुकवून त्याची भुकटी करण्यात आली. पाण्यात मिसळली की ती आघाडीवरच देता येई. उल्हासनगरच्या जागी तेव्हा कल्याणची लष्करी छावणी होती. आजही तेथील लोक आपला पत्ता ‘कॅम्प नंबर’ने सांगतात, तो त्याच काळाचा अवशेष. परंतु अनेकांचे रक्तद्रव एकत्र करून केलेल्या त्या भुकटीतून काविळीचा प्रसार होतो, असे आढळून आले आणि युद्धानंतर ती मागे पडली. रक्त जेवढे तारते, तेवढेच मारूही शकते, हा धडा जगाने तेव्हा प्रथम घेतला. शेवटचा मात्र नव्हे.

शांततेच्या काळात रक्ताने घर केले. रशियात लेनिनग्राद येथे १९३२ साली आणि अमेरिकेत शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात १९३७ साली रक्तसाठा ठेवणारी केंद्रे निघाली. शिकागोच्या बर्नार्ड फँटस यांनी त्याला ‘बँक’ हे नाव दिले; आम्ही मराठीत ‘पेढी’ म्हणालो, आणि तो शब्द किती चपखल! पेढीवर ठेव ठेवावी लागते, हिशेब ठेवावा लागतो, आणि पेढीचा पेढीदार आपली गादी सोडून ऋणकोच्या दारी जात नाही. रक्तपेढीचेही तसेच झाले. मोठ्या शहरातील मोठ्या रुग्णालयात ती स्थिरावली, आणि रोग्याने तिच्याकडे यावे असा शिरस्ता पडला.

आमच्या देशात या पेढीचा हिशेब बराच काळ बिघडलेला होता. पैसे घेऊन रक्त विकणारे धंदेवाईक दाते आणि परवान्याशिवाय चालणाऱ्या पेढ्या यांचा सुळसुळाट झाला होता. त्यातच एड्सचे संकट आले. अखेर ४ जानेवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल देऊन या कारभाराला लगाम घातला, आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्तविक्रीचा धंदा कायद्याने बंद झाला. हा निकाल हितकारकच होता. पण प्रत्येक सुधारणेची एक किंमत असते. पूर्वी आडगावचा शल्यविशारद नातलगांपैकी कोणाचे तरी रक्त काढून, जुळवून, तेथल्या तेथे रोग्याला देई. आता तसे करणे बेकायदेशीर ठरले. रक्त सुरक्षित झाले, पण ते दूर गेले. ही अडचण ओळखून २००१ साली नियमांत दुरुस्ती झाली आणि लहान रुग्णालयांना मोठ्या पेढीकडून रक्त आणून साठविण्याची, म्हणजे रक्तसाठवण केंद्र चालविण्याची मुभा मिळाली. पेढीने शाखा उघडावी, तसे हे झाले. तरीही रस्त्यावरचा रोगी रस्त्यावरच राहिला.

येथे क्षणभर शरीराचा विचार करू. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. त्यातले अर्धा-पाऊण लिटर गेले तरी शरीर निभावून नेते. दोन लिटरांच्या पुढे गेले, तर जीव धोक्यात येतो. सलाईनने शिरा भरतात, रक्तदाब काही काळ सावरतो. पण खारट पाणी प्राणवायू वाहून नेत नाही आणि रक्त गोठवीत नाही. उलट अंगात उरलेले रक्त ते पातळ करते, शरीर थंड पाडते, आणि मग वाहणारे रक्त अधिकच वाहते. विहिरीचा झरा आटत असता वरून घागरीने गढूळ पाणी ओतावे, तसा हा उपाय. म्हणूनच रक्त वाटेतच देता आले तर, हा विचार जगात पुन्हा उचल खाऊ लागला.

लंडनच्या हवाई रुग्णसेवेने मार्च २०१२ पासून आपल्याबरोबर रक्ताच्या पिशव्या नेण्यास प्रारंभ केला. थंड पेटीत रक्त ठेवायचे, अपघाताच्या जागीच द्यायचे, आणि न वापरलेले मुदतीत रुग्णालयाला परत करायचे, म्हणजे थेंबही वाया जात नाही. हे पाहून कोणासही वाटेल, की यात वादाला जागाच कुठे आहे? पण शास्त्र उत्साहावर चालत नाही. २०१८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हवाई रुग्णवाहिकेतील पाचशे एक जखमींचा अभ्यास झाला. वाटेत रक्तद्रव मिळालेल्यांपैकी महिनाभरात २३ टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी ३३ टक्के. फरक मोठा होता. पण त्याच वर्षी डेन्व्हर शहरातल्या दुसऱ्या चाचणीत काहीच लाभ दिसला नाही. इंग्लंडमध्ये ४३२ रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही तांबड्या पेशी व रक्तद्रव हे सलाईनपेक्षा सरस असल्याचे सिद्ध झाले नाही.

मग खरे काय? अमेरिकेतल्या दोन्ही चाचण्यांची माहिती पुढे एकत्र तपासली गेली, तेव्हा एक अर्थपूर्ण गोष्ट दिसली : जेथे रुग्णालयापर्यंतचा प्रवास वीस मिनिटांहून अधिक होता, तेथे रक्तद्रवाचा लाभ दिसला, जेथे रुग्णालय हाकेच्या अंतरावर होते, तेथे दिसला नाही. हा अखेरचा शब्द नव्हे, पण विचार करावयास लावणारा खास आहे. म्हणजे प्रश्न औषधाचा जितका, तितकाच अंतराचा. आणि अंतर म्हटले की आम्ही अंबरनाथकर कान टवकारतो! मुंबईच्या मुख्य स्थानकापासून आम्ही साठ किलोमीटरवर. अपघातांसाठी ज्याचे नाव सर्वप्रथम घेतले जाते, ते शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय येथून पंचेचाळीसेक किलोमीटर. मध्ये कल्याणचा पूल, शिळफाट्याची कोंडी, ठाण्याची गर्दी. वीस मिनिटांत आपल्यापैकी कोण शीवला पोहोचले आहे?

रस्ताच नाहीसा झाला तर काय होते, तेही आम्ही पाहिले आहे. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान अडकली. हजाराहून अधिक उतारू होते. त्यांत नऊ गरोदर स्त्रियाही होत्या. होड्या व हेलिकॉप्टरे आली आणि सर्वजण सुखरूप बाहेर पडले, हे भाग्य. पण त्या नवांपैकी एखादीला पाण्याने वेढलेल्या डब्यात रक्तस्राव सुरू झाला असता, तर? ब्लंडेलला १८१८ साली छळणारा प्रश्न दोनशे वर्षांनी बदलापूरच्या पाण्यात तसाच उभा राहिला असता.

महाराष्ट्राने या दिशेने पावले टाकली नाहीत, असे मात्र नव्हे. २०१४ सालच्या जानेवारीत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. गाडीत डॉक्टर ठेवण्याची सोय केली गेली, हे तिचे वैशिष्ट्य. त्याच महिन्यात ‘जीवन अमृत सेवा’ या नावाची योजना निघाली. १०४ क्रमांकावर मागणी नोंदविली की मोटारसायकलवरून थंड पेटीत रक्त रुग्णालयापर्यंत पोहोचविले जाई. रॉबर्टसनची पेटी शंभर वर्षांनी आमच्या दुचाकीवर आली, असे म्हणावयास हरकत नाही. मे २०२३ मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने ड्रोन यंत्राने रक्ताच्या दहा पिशव्या दिल्लीजवळ नेण्याची चाचणी घेतली. पण या सर्व उपायांत रक्त रुग्णालयापर्यंत येते. वाटेवरच्या रोग्यापर्यंत नव्हे.

शेवटचे हे पाऊल टाकण्यात दोन खऱ्या अडचणी आहेत, आणि त्या लपवून उत्साह वाढविणे आम्हांस पसंत नाही. पहिली अशी की, गट तपासण्यास वेळ नसतो तेव्हा परदेशांत सर्वांना चालणारे ओ-निगेटिव्ह रक्त देण्याची चाल आहे. आमच्याकडे निगेटिव्ह रक्ताचे लोकच शेकडा पाच-सहा; त्यांत ओ गटाचे आणखी थोडे. तेव्हा पुरुषांना व वय झालेल्या स्त्रियांना ओ-पॉझिटिव्ह देऊन, दुर्मिळ रक्त तरुण स्त्रियांसाठी राखणे, हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

दुसरी अडचण तर खास आमच्या घरची आहे. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे व त्यांचे सहकारी यांना असे रक्त आढळले, की जे ओ गटाशीही जुळत नव्हते. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातून ही गोष्ट जगापुढे आली आणि या गटाला ‘बॉम्बे’ हेच नाव पडले. भारतात सुमारे दहा हजारांत एखाद्याच्या अंगी तो असतो, असे सांगतात. ओ समजून दिलेले रक्त अशा माणसाला घातक ठरते. जगाला जे सर्वमान्य, ते आमच्या शहरालाच अपवाद, हा योगायोग विलक्षण खरा! यास्तव प्रत्येकाने आपला गट एकदा नीट तपासून घेणे, ही शिष्टाचाराची नव्हे, जीविताची बाब आहे.

तोवर हाती काहीच नाही काय? आहे. २०१० साली चाळीस देशांतील वीस हजारांहून अधिक जखमींवर झालेल्या चाचणीत ट्रॅनेक्झामिक आम्ल या स्वस्त औषधाने मृत्यूचे प्रमाण १६ टक्क्यांवरून साडेचौदा टक्क्यांवर आले. त्या चाचणीत भारतातील रुग्णालयेही सामील होती. अट एकच : जखम झाल्यापासून तीन तासांच्या आत, आणि शक्य तितक्या लवकर ते दिले पाहिजे. उशिरा दिले तर अपायच होतो. त्याला थंड पेटी लागत नाही, गट लागत नाही. आणि याहूनही आधी लागतो तो जखमेवर घट्ट दाब देणारा हात. फलाटावर पंचा बांधणारा तो गृहस्थ कोणताही वैद्य नव्हता. पण त्या संध्याकाळी रुग्णालयापूर्वीचा खरा उपचार जर कोणी केला असेल, तर त्यानेच.

इतिहासाचा निष्कर्ष काढावयाचा तर तो असा. रक्त प्रथम दात्याच्या शेजारी होते. मग ते बाटलीत शिरले, पेटीतून आघाडीवर गेले, पुढे पेढीत जाऊन बसले, आणि आता पुन्हा रोग्याच्या वाटेला लागू पाहत आहे. प्रत्येक टप्प्यावर शास्त्राने साधन पुरविले. परंतु माद्रिदच्या नागरिकांनी व चीनच्या शेतकऱ्यांनी हात पुढे केले नसते, तर साधने रिकामीच राहिली असती. रक्ताचा कारखाना अजून निघालेला नाही. तांबड्या पेशी पाच-सहा आठवड्यांपलीकडे टिकत नाहीत, म्हणजे आज साठविलेले रक्त पुढच्या वसंतापर्यंत उरत नाही. ही ठेव पुन्हा पुन्हा भरावी लागते. निरोगी पुरुषाने तीन महिन्यांनी व स्त्रीने चार महिन्यांनी रक्त देण्यास कायद्याची आडकाठी नाही.

आमच्या गावात १०० जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ साली मंजूर झाले, ही आनंदाची गोष्ट. त्याच्याजवळ पुरेसा रक्तसाठा राहावा, आणि एक दिवस येथील रुग्णवाहिकेतही थंड पेटी असावी, ही मागणी आपण नागरिकांनी आजपासून केली पाहिजे. ती मागणी करताना आपल्या दंडाची बाही वर केलेली असली, तर तिला वजन येईल. फलाटावरच्या त्या मुलाचे नाव आम्हांस अखेरपर्यंत कळले नाही. पण त्याच्यासाठी रक्त नव्हते असे नव्हे; ते होते, फक्त तो जेथे होता, तेथे नव्हते.